‘डे’ हे आडनाव आणि केंब्रिजचा छापखाना

‘डे’ या इंग्रजी आडनावाचा अर्थ ‘दिवस’ असा लावण्याचा मोह सहज होतो, परंतु व्युत्पत्ती दुसरीकडेच नेते. काही घराण्यांत ते ‘डेव्हिड’ या नावाचे लाडके रूप आहे. इतरांत ते एका जुन्या इंग्रजी शब्दावरून आले, ज्याचा मूळ अर्थ पीठ मळणारी बाई असा होता आणि जो पुढे दूधदुभते पाहणाऱ्या चाकरांना लागू झाला. ‘डेअरी’ हा शब्द त्याच कुळातला.

गैरसमजाला हातभार लावला तो एका मुद्रकानेच. सोळाव्या शतकात लंडनमध्ये नावारूपाला आलेल्या जॉन डे यांच्या मुद्राचिन्हात झोपलेल्या माणसाला उठवणारी आकृती असून, ‘ऊठ, दिवस उजाडला’ अशा अर्थाचे वाक्य कोरले आहे. श्लेष झकास आहे. व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

इंग्लंडच्या अमेरिकी वसाहतींतील पहिल्या छापखान्याशीही हेच आडनाव जोडलेले आहे, म्हणून स्टीफन डे हे जॉन डे यांचे वंशज असावेत असे पुष्कळदा सुचवले जाते. त्याला आधार नाही. स्टीफन मुळात कुलुपे बनवणारे कारागीर. १६३८ मध्ये पाद्री ग्लोव्हर त्यांना करारावर घेऊन छापखान्यासह मॅसॅच्युसेट्सकडे निघाले (‘ग्लोव्हर’ म्हणजे हातमोजे शिवणारा, हीही गंमतच), पण ग्लोव्हर प्रवासातच वारले आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे छापखाना उभा केला. तेथे १६४० मध्ये छापलेल्या स्तोत्रसंग्रहाच्या सुमारे १७०० प्रतींपैकी आज ११ शिल्लक आहेत. स्टीफन यांचे स्वतःचे शुद्धलेखन इतके कच्चे होते की खिळे (छपाईची धातूची अक्षरे) जुळवण्याचे काम त्यांचे पुत्र मॅथ्यू करत असावेत, हे मत मला पटते.

म्हणजे डे किंवा ग्लोव्हर, कोणाच्याही आडनावाचा छपाईशी अर्थाने संबंध नाही. तसा संबंध असलेले आडनाव याच छापखान्यात जन्मले, आणि तेही एका मूलनिवासी माणसाला मिळाले. निपमक जमातीचे जेम्स १६५९ मध्ये तेथे शिकाऊ उमेदवार म्हणून लागले, १६६३ मध्ये पूर्ण झालेल्या मॅसॅच्युसेट या मूलनिवासी भाषेतील बायबलच्या छपाईत त्यांचा मोठा वाटा होता, आणि ते ‘जेम्स प्रिंटर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आपल्याकडे पारशी घराण्यांत ‘इंजिनिअर’, ‘कॉन्ट्रॅक्टर’ ही आडनावे रूढ झाली, त्याच जातीचे हे उदाहरण. १७०९ च्या स्तोत्रग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर मुद्रक म्हणून ‘जे. प्रिंटर’ असे छापलेले आहे. तेथे हा शब्द व्यवसाय सांगत नाही, ते आडनावच आहे.