मदत हवी आहे: आईचं फुफ्फुस प्रत्यारोपण, नाव नोंदवावं की थांबावं?

कडुलिंब

आई, वय ५९, राहणार नाशिक. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (श्वासातल्या कणांच्या अॅलर्जीने फुफ्फुसाला येणारी सूज), बहुधा कबुतरांमुळे. एचआरसीटीत (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) आता पक्कं फायब्रोसिस (कायमचे व्रण) आणि हनीकोंबिंग (मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं). एफव्हीसी (एका दमात सोडता येणारी हवा, अपेक्षित प्रमाणाच्या तुलनेत) दीड वर्षात ६१ वरून ४८ टक्क्यांवर, डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) ३१. सहा मिनिटांच्या चालण्यात २९० मीटर, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९४ वरून ८२. बसल्या जागी ऑक्सिजन लागत नाही, चालताना मिनिटाला ४ लिटर. टूडी एकोत (हृदयाची सोनोग्राफी) फुफ्फुसाच्या धमनीचा दाब ४८. औषधं: निंटेडॅनिब (फायब्रोसिसवरचं) १५० दोन वेळा, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन १५ मिग्रॅ (प्रतिकारशक्ती दाबणारी). उंची १५२ सेंमी, वजन ७१ किलो, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. मधुमेह नाही, क्रिएटिनिन ०.८.

छातीविकारतज्ज्ञ प्रत्यारोपण केंद्रात दाखवा म्हणतात. मामांचं म्हणणं, "अजून हिंडतीफिरती आहे, एवढं मोठं ऑपरेशन कशाला?" आई म्हणते, आधी नीट कळू द्या. तर आत्ताच जावं का? आमच्यापैकी कोणी फुफ्फुस दिलं तर चालतं का? आणि नंतरचं आयुष्य नेमकं कसं असतं? आयुर्वेदिक काढे कृपया सुचवू नयेत.

सह्यकडा

आत्ताच जा. खरं तर थोडा उशीरच झालाय. फायब्रोसिसमध्ये एफव्हीसी ८० च्या खाली किंवा डीएलसीओ ४० च्या खाली गेलं, की केंद्राकडे पाठवावं असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. चालताना सॅच्युरेशन ८८ च्या खाली जाणं ही तर यादीत नाव घालण्याच्या निकषांतली गोष्ट.

मामांना एवढंच सांगा, की तपासणीला जाणं म्हणजे ऑपरेशनला होकार नव्हे. यादीत नाव लागल्यावरही नको म्हणता येतं. उलटं मात्र जमत नाही. या आजारात अचानक भडका उडतो, माणूस चार दिवसांत व्हेंटिलेटरवर जातो आणि तेव्हा धावपळ केली तर बहुतेक केंद्रं हात वर करतात. ऑपरेशन सोसायला पायांत ताकद लागते, म्हणून "हिंडतीफिरती" असणं हे जाण्याचं कारण आहे, थांबण्याचं नाही.

घरच्यांनी फुफ्फुस देण्याचं डोक्यातून काढा. मूत्रपिंडासारखं हे नाही, आपल्याकडे व्यवहारात मेंदूमृत दात्याचंच मिळतं. महाराष्ट्रात वाटप झेडटीसीसीमार्फत (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र) होतं, नोंदणी रुग्णालय करतं. दात्याचं हृदय किंवा यकृत चालतं तेव्हाही फुफ्फुस बऱ्याचदा बाद होतं: व्हेंटिलेटरवर जंतुसंसर्ग, श्वासात गेलेली उलटी, जास्त सलाईनने साठलेलं पाणी. शिवाय बाहेर काढल्यावर ते साधारण सहा तासांत बसवायचं असतं.

तुमच्या आईच्या बाबतीत आणखी दोन अडचणी दिसतात. ओ गटाला ओ गटाचंच चालतं (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह इथे बघत नाहीत). आणि उंची १५२, त्यात फायब्रोसिसने आक्रसलेली छाती, म्हणजे लहान आकाराचं फुफ्फुस हवं. अशा ठेंगण्या बायकांना वाट जास्त बघावी लागते. लवकर नोंदवा म्हणतो ते यासाठीही.

तपासण्यांना साधारण आठवडा धरा. राइट हार्ट कॅथेटरायझेशन (नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचा आणि फुफ्फुसाच्या धमनीचा दाब मोजणं) होईलच, एकोवरचा ४८ हा अंदाज असतो. त्याशिवाय अँजिओग्राफी, अन्ननलिकेची पीएच तपासणी, हाडांची घनता, क्षयासाठी इग्रा (रक्ताची चाचणी) आणि थुंकी, एचएलए अँटिबॉडी (परक्या अवयवाविरुद्धची प्रतिद्रव्यं), दात. किडलेला दात आत्ताच काढून घ्या. हिपॅटायटिस बी आणि न्यूमोकोकलच्या लसीही आधी, कारण नंतर त्यांचा असर कमी होतो. जिवाशी बेतल्याशिवाय रक्त चढवू देऊ नका. त्यातून अँटिबॉडी वाढतात आणि जुळणारा दाता मिळणं आणखी कठीण होतं.

वजन. बीएमआय ३०.७ येतो. ६५ किलोवर आलात तर २८ च्या आसपास. पण उपाशी ठेवून नको, स्नायू झडतील. प्रेडनिसोलोन कमी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःहून गोळ्या तोडू नका. पल्मनरी रिहॅब (फुफ्फुसाच्या रुग्णांसाठीचा व्यायाम) आठ-दहा आठवडे, ऑक्सिजन लावून. निंटेडॅनिब ऱ्हासाचा वेग कमी करतं, गेलेलं परत आणत नाही. ते चालू ठेवूनही नोंदणी होते.

पाणकणीस

वरचं सगळं बरोबर, पण दुसरी बाजू सांगायलाच हवी. प्रत्यारोपणाने आजार बदलतो, संपत नाही.

जागतिक नोंदवहीनुसार २०१० ते २०१७ मधल्या प्रौढ प्रत्यारोपणांत निम्मे रुग्ण ६.७ वर्षांपलीकडे जगले. फायब्रोसिसवाल्यांचा आकडा त्याहून कमी. पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना क्लॅड, म्हणजे जुनाट रिजेक्शन (शरीराने नवं फुफ्फुस नाकारणं), सुरू होतं आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. पण तुलना निरोगी माणसाशी करायची नसते, आजार असाच पुढे गेला तर काय होईल त्याच्याशी करायची. एफव्हीसी ज्या वेगाने घसरतंय, ते पाहता तुमच्याकडे पारडं मला प्रत्यारोपणाकडे झुकलेलं दिसतं.

रोजचं आयुष्य म्हणाल तर टॅक्रोलिमस (रिजेक्शन रोखणारी गोळी) घड्याळाच्या काट्यावर, बारा-बारा तासांनी. पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. ती आधीच घेतली तर आकडा फुगतो, डोस विनाकारण कमी होतो आणि रिजेक्शनला वाट मिळते. गल्लीतल्या डॉक्टरांनी खोकल्यावर क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर पातळी चढते, हात थरथरतात, मूत्रपिंडाला फटका बसतो. क्षयाचं रिफाम्पिसिन नेमकं उलट करतं, पातळी तळाला नेतं. म्हणून कुठलीही नवी गोळी केंद्राला विचारूनच. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. कच्ची मोडाची कडधान्यं, उसाचा रस, रस्त्यावरची पाणीपुरी बंद. घरी रोज स्पायरोमीटर फुंकायचा, एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) दहा टक्के घसरला तर त्याच दिवशी फोन.

आणि कबुतरं! नवं फुफ्फुस बसवून त्याच गॅलरीत परत गेलात तर तोच आजार नव्या फुफ्फुसातही होऊ शकतो. जाळी, एसीच्या मागचं घरटं, पिसांच्या उशा-रजया हे आजच बघा.

माणूसबळाचा हिशोब पैशाइतकाच करा. ऑपरेशननंतर किमान तीन महिने रुग्णालयाजवळ भाड्याने राहावं लागतं आणि पूर्णवेळ एक माणूस, बदलीला दुसरा. खाजगीत खर्च साधारण २५ ते ४० लाख, पुढे औषधं जन्मभर. मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीत फुफ्फुस प्रत्यारोपण आहे, पण त्या रकमेवर भिस्त ठेवू नका. मेडिक्लेममध्ये दात्याचा अवयव काढण्याचा खर्च बसतो का, ते लेखी घ्या.

केंद्राला हे विचारा: गेल्या वर्षी फायब्रोसिसची किती केलीत, त्यातले वर्षभराने किती हयात, एक फुफ्फुस बसवणार की दोन. आकडे सांगताना आढेवेढे घेणाऱ्यांकडे मी तरी जाणार नाही.

सगळं ऐकून आई नको म्हणाल्या तर तेही मान्य करा. अगदी कमी डोसातलं मॉर्फिन धाप शमवतं, पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारी शुश्रूषा) म्हणजे हात टेकणं नव्हे. ती यादीत असतानाही सुरू करता येते.

कडुलिंब

दोघांचे आभार. आईला वाचून दाखवलं, ती तपासण्यांना तयार आहे. नाशिकहून मुंबईला गाडीने न्यायचं तर ऑक्सिजन किती घ्यावा? छोटा पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) पुरेल का?

सह्यकडा

एकट्या त्याच्यावर नको. ती यंत्रं बहुतेक पल्स मोडवर (फक्त श्वास घेतानाच ऑक्सिजन सोडणं) चालतात, त्यावरचा ४ हा आकडा म्हणजे मिनिटाला ४ लिटर नव्हे. निघण्याआधी ते लावून घरात सहा मिनिटं चालवून सॅच्युरेशन बघा.

बी टाइप सिलिंडरमध्ये १५०० लिटर असतो. ४ लिटरने सव्वासहा तास. बसून प्रवासात २ लिटरवरही भागेल, पण हिशोब ४ नेच करा आणि कसाऱ्याच्या घाटात ट्रॅफिक लागेल असं धरून दोन भरलेले न्या. पट्ट्याने आवळून बांधा, गाडीत कुणी विडी-सिगारेट ओढायची नाही. आणि सिलिंडरची चावी फ्लोमीटरलाच दोरीने बांधून ठेवा, ऐनवेळी तीच सापडत नाही.