इम्पेलर नवा, तरी आउटबोर्डची धार बारीक आणि वेग वाढवला की अलार्म

वल्हेकरी: ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे, चालतं खाऱ्या पाण्यात. थंडाव्याचं पाणी फिरतंय हे दाखवणारी मागची धार बारीक झालीय. मंद चालवलं तर काही त्रास नाही, पण ३५०० आरपीएमच्या वर नेलं की काही मिनिटांत तापल्याचा अलार्म वाजतो. इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) नुकताच बदललाय. पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांवर नळाचे रबरी कप लावून पाहिलं तर धार चांगली येते. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वाट उघडणारी झडप) काढून चालवू का?

नांगर: थर्मोस्टॅट काढू नका. तो बंद अडकला असता तर इंजिन आधी मंद वेगातच तापलं असतं. तुमचं तापतंय वेगात, म्हणजे पाणी येतंय पण पुरेसं येत नाही. खात्री करायची तर थर्मोस्टॅट दोरीला बांधून पाण्याच्या भांड्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर ठेवून पाणी हळूहळू तापवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा.

कपवरच्या चाचणीवर मात्र विसंबू नका. तिथे नळाचा दाब पंपाचं काम करतो, त्यामुळे दुबळा पंपही धडधाकट दिसतो. त्यापेक्षा पिंपात पाहा: पाणी पंपाच्या वर राहील एवढं भरा, गिअर न्यूट्रलमध्ये, आरपीएम १५००च्या आत.

खारवारा: पंप खोलण्याआधी सोपं ते करा. इंजिन बंद करून धारेच्या तोंडात नायलॉनची जाड तार घाला. मग आतून तिथे येणारी रबरी नळी काढून इंजिन थोडं सुरू करा. नळीतून जोरात पाणी आलं तर अडथळा फक्त तोंडात. पण धार नीट झाली म्हणून सिलिंडरच्या डोक्यापर्यंत पाणी पोचतंय असं समजू नका. बऱ्याच इंजिनांत धारेची वाट मधूनच फुटते. गिअरकेसवरच्या (इंजिनाचा पाण्यात राहणारा खालचा भाग) जाळ्याही पाहा, शिंपले आणि प्लास्टिक तिथेच अडकतं.

वल्हेकरी: जाळ्या साफ आहेत, नळीतूनही पाणी बारीकच. थर्मोस्टॅट बरोबर उघडतो.

नांगर: मग गिअरकेस उतरवाच. स्पार्क प्लगच्या वायरी आधी काढा आणि गिअरच्या रॉडचा जोड सोडायला विसरू नका. एकटा इम्पेलर बदलला असेल, तर खरा दोष बहुधा त्याच्या शेजारी आहे. पाती ज्या स्टीलच्या पट्टीवर आणि पंपाच्या वाटीत घासतात तिथे बोट फिरवा. नख अडकेल एवढी खाच असेल तर पाती टेकत नाहीत, वेग वाढला की पाणी मागे सरकतं. पट्टी, वाटी आणि गॅस्केटसह पूर्ण संच घाला.

दुसरी जागा म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळीचा रबरी सील. गिअरकेस बसवताना नळीचं टोक सीलमध्ये सरळ गेलं नाही तर सील दुमडतो आणि निम्मं पाणी इंजिनाच्या पायातच सांडतं. दुमडलेल्या सीलच्या कडेवर चपटी खूण दिसते.

जुन्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर कुठेतरी आहे, नळीत किंवा थर्मोस्टॅटच्या घरात. तो सापडल्याशिवाय इंजिन जोडू नका.

खारवारा: बसवताना इम्पेलरला साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, खनिज तेलाने रबर फुगतं. वाटी खाली दाबताना शाफ्ट (इंजिनापासून खाली येणारा उभा दांडा) वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरवा म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात, आणि नंतर उलटा फिरवू नका. शाफ्टच्या दातांना ग्रीस लावा, पण टोकावर नको. टोकावरचं ग्रीस दबून बसतं आणि गिअरकेस शेवटचे काही मिलिमीटर वर जात नाही. तेव्हा बोल्ट आवळून ओढू नका, शाफ्ट किंचित हलवून दात जुळवा.

एवढं करूनही अलार्म वाजला तर डोक्याचं झाकण उघडून मिठाचा थर पाहावा लागेल.