सासूबाईंच्या पायाची जखम, हळद आणि उरलेल्या गोळ्या

ए-२०३ (वहिनी): नमस्कार सगळ्यांना. सासूबाईंच्या पायाला चप्पल लागून फोड आला होता, तो फुटलाय. कडा लाल झाल्यात, थोडा पू येतोय. शुगर आहे त्यांना. काय लावू?

सी-१०४ (काकू): हळद आणि कडुलिंबाचा पाला वाटून लावा की. नैसर्गिक आहे, अपाय नाही. आमच्या आईनं आयुष्यभर तेच लावलं.

बी-३०१ (दादा): माझ्या दाढेच्या वेळच्या अमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या शिल्लक आहेत. वर आणून देऊ का?

सेक्रेटरी: उद्या पाणी नाही. परवा पहाटे येईल. टाकी जपून वापरा.

डी-२०२ (ताई): वहिनी, दोन्ही नको. शुगरच्या माणसाच्या पायाला पू म्हणजे आजच डॉक्टर. तोवर स्वच्छ पाण्यानं धुवा, कोरडी निर्जंतुक पट्टी ठेवा, पायावर भार देऊ नका.

सी-१०४ (काकू): अगं, हळदीत जंतू मरतात हे शास्त्रज्ञही सांगतात ना?

डी-२०२ (ताई): सांगतात, काकू, आणि ते खरंच आहे. मी लॅबमध्ये रोज हेच बघते म्हणून सविस्तर लिहिते. हळदीतलं करक्युमिन लॅबच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर टाकलं की त्यांची वाढ थांबते. पण किती टाकल्यावर? वाढ थांबवणाऱ्या कमीत कमी मात्रेला आम्ही एमआयसी म्हणतो. घशात सापडणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसला पेनिसिलिन एका मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी पुरतं. करक्युमिन बऱ्याच जंतूंना शेकड्यांनी मायक्रोग्रॅम लागतं. शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि खाल्लं तर रक्तात फारच थोडं उतरतं. बशीत दिसलेला गुण जखमेच्या तळाशी पोचेल याचा भरवसा नाही. त्यात डब्यातली हळद आणि झाडावरचा पाला निर्जंतुक नसतो. उघड्या जखमेत आपणच मातीतले जंतू नेऊन ठेवतो.

सी-१०४ (काकू): पण पेनिसिलिनही बुरशीतूनच आलं की.

डी-२०२ (ताई): हो, आणि स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूपासून. निसर्गातून आलेल्या गोष्टीला मी कमी लेखतच नाही. पण पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगना १९२८ मध्ये ती बुरशी दिसली, तरी तिचं औषध व्हायला ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या हातून ती शुद्ध व्हावी लागली. १९४१ मध्ये त्यांनी एका पोलिसाला ते टोचलं. तो सुधारायला लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून परत काढून पुन्हा टोचत होते. साठा संपला, संसर्ग उलटला आणि तो गेला. औषध तेच होतं, पुरेसं मिळालं नाही.

ए-१०१ (आजोबा): डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कामात होतो तेव्हा आमचे मास्तर सांगायचे, रंगातूनही औषध निघालंय. खरं का, पोरी?

डी-२०२ (ताई): अगदी खरं, आजोबा. प्रॉन्टोसिल. लाल अ‍ॅझो रंग, पूर्ण कृत्रिम. जर्मनीतल्या गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये जाहीर केलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण परीक्षानळीत हा रंग जंतूंचं काहीच बिघडवत नव्हता, पण आजारी उंदीर मात्र वाचत होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याचं कोडं सुटलं. शरीरात गेल्यावर तो रंग तुटतो आणि त्यातून बिनरंगाचं सल्फानिलामाइड निघतं. जंतूंना लागणारं फॉलिक आम्ल ते बनूच देत नाही. आपल्याला फॉलिक आम्ल अन्नातून मिळतं, म्हणून आपण वाचतो. हळद बशीत चालते आणि शरीरात अडते, हा रंग बशीत अडला आणि शरीरात चालला. म्हणून नैसर्गिक की कृत्रिम यावर मी काहीच ठरवत नाही.

बी-३०१ (दादा): मग माझ्या गोळ्या तर शरीरात चालणाऱ्याच आहेत की.

डी-२०२ (ताई): कोणत्या जंतूवर, दादा? शुगरच्या पायात सुडोमोनास नावाचा जंतू असू शकतो, आणि अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालतच नाही. त्या जातीच्या जंतूंना बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, बरीच औषधं तिथंच अडकतात. चार गोळ्यांनी दुबळे जंतू मरतील, चिवट मागं राहतील. थोडं थोडं औषध घेतलं तर जंतू निर्ढावतात, हे फ्लेमिंग १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगून गेले.

ए-२०३ (वहिनी): मग डॉक्टर कसं ठरवतील?

डी-२०२ (ताई): गोळ्या सुरू करायच्या आधी कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून तपासायचा, नमुना घ्यायला सांगा. जखम साफ करून खोलातला घेतलेला बरा, वरच्या पुसण्यात नुसते कातडीवरचे जंतू येतात. आम्ही आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बशीवर जंतूंचा पातळ थर पसरतो. त्यावर औषध जिरवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतो, सहा मिलिमीटरच्या, आणि रात्रभर ३५ अंशांना ठेवतो. सकाळी सगळी बशी धुरकट झालेली असते, पण जे औषध चाललं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. तो पट्टीनं मोजायचा. काही चकत्यांना धुरकट थर अगदी चिकटलेला असतो, म्हणजे ते औषध वाया. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजानं औषध देतील, मग गरज पडली तर बदलतील. किती दिवस घ्यायचं तेही तेच सांगतील.

ए-१०१ (आजोबा): सुनबाई, आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस पुढं चीनमध्ये ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ते डॉ. बेथ्यून १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बोटाला झालेल्या जखमेनं गेले. एवढा मोठा सर्जन. तेव्हा पेनिसिलिन मिळत नव्हतं. आज मिळतंय, तर उशीर करू नका.

सी-१०४ (काकू): स्वयंपाकातली हळद मी सोडणार नाही हं. पण वहिनी, तुम्ही निघा. छोट्याला माझ्याकडं सोडून जावा.

डी-२०२ (ताई): स्वयंपाकातली कुणीच सोडू नका, काकू 🙏 वहिनी, मागच्या तीन महिन्यांचा शुगरचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

बी-३०१ (दादा): मी गाडी काढतो. लिफ्ट बंद आहे, आजींना खुर्चीवरून खाली आणू. अजून एक जण या कुणीतरी.

बी-१०२: आलो.