वहिनी आयसीयूत, रक्तस्राव थांबला तरी बीपीचं औषध चालूच. मदत हवी आहे

मंडळी, घाईत लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या.

परवा रात्री वहिनीचं सिझर झालं. बाळ ठणठणीत. पण नंतर गर्भपिशवी आकसलीच नाही, रक्त थांबेना. इंजेक्शनं, टाके, दाब द्यायला पिशवीत फुगा, सगळं करून शेवटी पहाटे पिशवी काढावी लागली. आतापर्यंत ९ बाटल्या रक्त, ८ प्लाझ्मा, ६ प्लेटलेट लागल्यात. रक्तस्राव थांबलाय म्हणतात, तरी व्हेंटिलेटर आहेच. बीपी वाढवायचं औषध नॉरअ‍ॅड काल १२ वर होतं, आज ५ वर. दादा सुन्न बसून आहे, धावपळ माझ्याकडे.

रक्त थांबलं तर बीपी आपोआप का येत नाही? नुसतं रक्त का देत नाहीत? आणि आता आणखी ४ डोनर मागितलेत. गावाकडून २० जण गाडी करून निघतायत, येऊ देत का सगळे?

प्रतिसाद १
मी भूलतज्ज्ञ आहे, पण पेशंट पाहिलेला नाही, हे धरून वाचा. रक्ताबरोबर ते गोठवणारे घटकही वाहून जातात. नुसत्या लाल पेशी आणि सलाइन भरलं तर उरलेसुरले घटक पातळ होतात आणि पुन्हा रक्त सुटतं. म्हणून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट तिन्ही साधारण बरोबरीनं देतात. बाळंतिणीचं फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) लवकर संपतं. ते २०० च्या खाली असेल तर क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेन असलेला घटक) दिलं का, विचारा.

अवयवांना बराच वेळ रक्त कमी पडलं की नंतर रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यासाठी नॉरअ‍ॅड. १२ वरून ५ ही दिशा चांगली. डॉक्टरांना एवढंच विचारा: लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढतं) उतरतंय का, हिमोग्लोबिन टिकलंय का, लघवी तासाला किती होते? ६० किलो वजनाला निदान ३० मिली हवी.

प्रतिसाद २
रक्तपेढीत काम करते. २० जण एकदम नकोत. आज दिलेलं रक्त एचआयव्ही, कावीळ, मलेरिया वगैरे तपासण्या झाल्याशिवाय कुणालाच देता येत नाही. ते साठ्याची भरपाई म्हणून घेतात. एकदा दिलं की पुरुषाला ३ महिने थांबावं लागतं, बाईला ४. आज चारपाच बोलवा, बाकीचे राखून ठेवा. प्लेटलेट ५ दिवसच टिकतात, पुन्हा लागल्या तर हेच लोक उपयोगी पडतील. आणि उपाशी आणू नका हो, चक्कर येऊन पडतात!

धागाकर्ता
सिस्टरनी चार्ट दाखवला. लॅक्टेट ६.८ वरून २.४, लघवी तासाला ४० मिली. डोनर चौघं पोचले, पण एकाचं हिमोग्लोबिन ११.८ निघालं, १२.५ लागतं म्हणून परत पाठवला. पाचव्याला फोन लावतोय.