टॉन्सिल काढून ५ दिवस झाले, कान का ठणकतोय?

कोरा_कागद: वय ३१, वर्षात ६-७ वेळा घसा धरायचा, ताप यायचा, म्हणून शेवटी टॉन्सिल काढले. आता घशापेक्षा कानच जास्त ठणकतोय, शिवाय आत पांढरट थर दिसतोय, पू झालाय का? पाणी गिळतानाही जीव जातोय हो.

दहीभात: पू नाही तो, जखमेवरची खपली आहे, ओली असते म्हणून पांढरी दिसते, खरवडू नका. घशाला आणि कानाला एकच नस जाते त्यामुळे दुखणं तिकडे जाणवतं. मला मोठेपणी केल्यावर पूर्ण २ आठवडे लागले.

आजीचा_बटवा: दुखतंय म्हणून पाणी टाळलं की घसा कोरडा पडून अजून दुखतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्या, मग गार पेज, मऊ भात. लेकाच्या वेळी मी रात्री गजर लावून घोट घोट पाणी पाजायचे.

दहीभात: आणि हो, ५ ते १० दिवसांत खपली सुटते तेव्हा रक्त येऊ शकतं. लाल ताजं रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीचे २ वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. मनाने ॲस्पिरिन तर अजिबात नको.

कोरा_कागद: खूप धीर आला, कालपासून पाणीच टाळत होते मी. पेज ठेवलीये गार व्हायला.