तोरणमाळ आणि साल्हेरसाठी साहित्य घ्यायचे आहे: 15,000 रुपयांत आधी काय घ्यावे?

अमळनेरकर

नमस्कार. मी, पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी असे तिघे येत्या डिसेंबरमध्ये तोरणमाळला एक रात्र तंबूत राहावे, फेब्रुवारीत जमल्यास साल्हेरचा किल्ला करावा आणि पुढच्या पावसाळ्यात पाटणादेवीच्या परिसरात दिवसभर भटकावे, असा बेत करीत आहोत. घरात सध्या मुलीची शाळेची सॅक आणि एक बॅटरी यांखेरीज काहीही नाही. खर्चाची मर्यादा 15,000 रुपये आहे. ऑनलाइन पाहिले तर ‘चार माणसांचा वॉटरप्रूफ तंबू’ दोन हजारांच्या आत दिसतो, तसाच दिसणारा दुसरा आठ हजारांना असतो, आणि हजार रुपयांच्या स्लीपिंग बॅगवर ‘उणे दहा अंश’ असे छापलेले असते. या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा आणि पैसे आधी कशावर खर्च करावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपुड्याची वाट

आपण सांगितलेल्या तीन ठिकाणांपैकी तोरणमाळला गाडी वरपर्यंत जाते, साल्हेरला सगळे पाठीवर न्यावे लागते आणि पाटणादेवीला मुक्कामच नाही. वजनाला हलके म्हणून जे साहित्य महाग मिळते, त्याची गरज तुम्हाला फक्त साल्हेरला पडणार आहे, आणि तिथेही गडावर मुक्कामाजोग्या गुहा असल्यामुळे तंबू लागत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी तंबू भाड्याने घ्यावा आणि निम्म्याच्या आसपास रक्कम तिघांच्या बुटांसाठी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बूट संध्याकाळी घ्यायला जावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगलेले असतात. जे मोजे घालून चालणार तेच घालून बूट पाहावेत आणि नाडी सैल असताना पाऊल पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट सहज जाईल एवढी जागा असावी. ही जागा नसेल तर साल्हेर उतरताना अंगठा सतत पुढे आदळतो आणि नख काळे पडते. तळव्याच्या खाचा चार-पाच मिलिमीटर खोल असाव्यात. रबर नखाने दाबल्यावर किंचित दबावे, प्लॅस्टिकसारखे टणक लागू नये, कारण आपल्याकडच्या बेसाल्टवर आणि त्यावरच्या बारीक मुरमावर टणक तळवा हमखास घसरतो. ओल्या शेवाळावर मात्र कोणताही बूट घसरतो, मग तो कितीही किमतीचा असो.

सेलमधले बूट घेताना खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना व वर्ष अवश्य वाचावे. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो आणि दमट हवेतील ओलाव्यामुळे तो बूट न वापरताही आतून कुजत जातो. वरून नवा दिसणारा बूट पहिल्याच चढावर तुकडे होऊन सुटतो. चार-पाच वर्षे गोदामात पडलेला माल अर्ध्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये. ‘वॉटरप्रूफ’ बुटांसाठी जादा पैसे देण्याचेही कारण नाही. पावसाळ्यात पाणी घोट्यावरून आत शिरते आणि मग बुटातले पाणी अडवणारे अस्तरच त्याला बाहेर पडू देत नाही, तर उन्हाळ्यात पाय घामाने भिजतात. जाळीदार, लवकर वाळणारा बूट आणि सुती नसलेले मोजे आपल्या हवेला अधिक सोयीचे आहेत.

आता स्लीपिंग बॅगेवरचे आकडे. ईएन 13537 किंवा आयएसओ 23537 या तपासणीच्या मानकांनुसार तपासलेल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे वेगवेगळे अंश दिलेले असतात. त्यांतला पाहायचा तो कम्फर्ट, म्हणजे आरामात झोप लागेल तो अंश. एक्स्ट्रीमचा आकडा झोपेसाठी नसून जीव कसाबसा तगण्याची सीमा दाखवणारा आहे आणि स्वस्त बॅगेवर बहुधा तोच ठळक छापतात. कित्येकदा तर तपासणीच झालेली नसते. थंडीच्या लाटेत जळगावलाच पारा दहाच्या खाली जातो, तोरणमाळ त्याहून सुमारे 900 मीटर उंच आहे, आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात हे धरले, तर पहाटे चार-पाच अंशांची तयारी असावी. मात्र गाडी वरपर्यंत जात असताना त्यासाठी तीन बॅगा विकत घेण्याऐवजी घरच्या दुलया आणि गोधड्या सरळ डिकीत टाकाव्यात.

दुलईखाली काय अंथरता, याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. अंगाखाली कापूस दबला की त्यातली हवा निघून जाते आणि जमीन उष्णता ओढून घेते. यासाठी बंद पेशींच्या (क्लोज्ड-सेल) फोमची, म्हणजे पाणी न शोषणारी, गुंडाळता येणारी मॅट घ्यावी. तिला हवा भरावी लागत नाही आणि काट्याने ती पंक्चर होत नाही. गादीवाल्याकडचा मऊ स्पंज मात्र घेऊ नये, कारण तो दबतोही आणि पाणीही पितो.

केळीबाग रावेर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त तंबूच्या जागी आमच्याकडची शेतातली ताडपत्री सुचवितो. कृषी साहित्याच्या दुकानात बहुपदरी प्लॅस्टिकची ताडपत्री जीएसएमवर मिळते, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, ते. 120 जीएसएमची सुमारे तीन मीटर बाय साडेतीन मीटरची ताडपत्री सव्वा किलोच्या आसपास भरते, कडेला दोरीसाठी डोळे असतात, आणि दोन झाडांमध्ये दोरी ताणून ती टाकली की तिघांवर छप्पर होते. मुक्काम झाल्यावर ती खळ्यावर धान्य झाकायला कामी येते. तंबू वर्षभर माळ्यावर पडून राहतो. दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेला कितीतरी माणसे साध्या चपलांवर आणि एका गाठोड्यावर तो डोंगर चढतात, हेही ध्यानात असू द्यावे.

धुळे_गिरिमित्र

केळीबाग भाऊ, ताडपत्री उत्तम वस्तू आहे, परंतु डिसेंबरात तोरणमाळच्या पठारावरील वारा चारही बाजूंनी आत येईल आणि बारा वर्षांची मुलगी सोबत आहे. अस्तंब्याच्या यात्रेकरूंना तो डोंगर लहानपणापासून पायाखालचा असतो. आपण शहरातली माणसे त्यांच्याशी बरोबरी करू नये.

अमळनेरकर, पुढे कधी तंबू घेतलाच तर पुढील गोष्टी पाहाव्यात. तंबूवाले एका माणसासाठी जेमतेम 60 सेंटिमीटर रुंदी धरतात, म्हणून तिघांनी ‘चार माणसांचा’च घ्यावा. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला अर्थ नाही. पाण्याच्या किती मिलिमीटर उंचीचा दाब कापड सहन करते, तो आकडा विचारावा. छताला 1,500 ते 2,000 आणि गुडघे टेकले की दाब वाढतो म्हणून तळाला 3,000 मिलिमीटर असेल तर आपल्याकडच्या पावसाला पुरते. दोन हजारांतल्या एकपदरी तंबूवर हा आकडा बहुतेक वेळा नसतोच, आणि पाऊस नसला तरी आपल्याच श्वासाची वाफ आतल्या बाजूने थेंब होऊन अंगावर पडते. तंबू आतून उलटा करून शिवणींवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का, हेही पाहावे. कापड कितीही चांगले असले तरी पाणी सुईच्या भोकांतूनच येते. झटक्यात उघडणारा गोल तंबू मिटल्यावरही मोठ्या परातीएवढा राहतो आणि एसटीच्या रॅकवर बसत नाही.

आणखी एक सूचना आपल्या उन्हाळ्यासाठी. तंबू पत्र्याच्या छताखालील माळ्यावर ठेवू नये. मे महिन्यात तिथे भट्टी होते आणि कापडावरचा लेप चिकट होऊन पापुद्रे सुटू लागतात. पूर्ण वाळवून, पिशवीत सैल भरून, घरातल्या कपाटात ठेवावा.

अमळनेरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तंबू भाड्याने आणि बूट आधी, हे पक्के केले. साल्हेरसाठी सॅक किती लिटरची घ्यावी आणि मुलीच्या पाठीवर किती वजन द्यावे? शिवाय स्वयंपाकासाठी गॅसची छोटी शेगडी घ्यावी, असा पत्नीचा आग्रह आहे.

सातपुड्याची वाट

मोठ्या दोघांना एका रात्रीसाठी 40 ते 45 लिटर पुरेसे आहे. लिटरपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची आहे. मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी हाताला जे हाड लागते तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे आणि त्या मापाची सॅक घ्यावी. कमरेचा पट्टा जाड व भरीव असावा, नुसती पट्टी नको, कारण बहुतेक भार खांद्यांवर न येता कमरेवर यायला हवा. दुकानात सात-आठ किलो सामान भरून दहा मिनिटे चालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत; दुकानदाराने तोंड वाकडे केले तर दुसरे दुकान पाहावे. सॅकचे रेनकव्हर वाऱ्यात निघून जाते, म्हणून आतमध्ये जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून त्यात कपडे ठेवावेत. मुलीला वजनाच्या दहा-बारा टक्क्यांहून अधिक देऊ नये. ती 35 किलोची असेल तर पाणी धरून चार किलो पुष्कळ झाले, आणि त्यासाठी तिची शाळेची सॅक चालेल. बॅटरीऐवजी तिघांना कपाळावर बांधायचे दिवे घ्यावेत. 200 ल्यूमेन (प्रकाशाचे माप) पुरतात. त्याहून मोठा आकडा छापलेल्या स्वस्त दिव्यांवर विसंबू नये.

धुळे_गिरिमित्र

शेगडीबाबत वहिनींचे म्हणणे चुकीचे नाही, पण एका रात्रीसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा एवढ्यावर भागते आणि भांडी, गॅस, पाणी यांचे ओझे वाचते. घेतलीच तर आटे असलेल्या, काढता-लावता येणाऱ्या डब्याची घ्यावी. भोक पाडून लावायचा डबा संपेपर्यंत काढता येत नाही. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणे थांबवतो, पण आपल्याकडे ती वेळ येत नाही, त्यामुळे हिमालयासाठी असलेले महाग मिश्रण नको. हा डबा रेल्वेतून नेण्यास मनाई आहे, तेव्हा साल्हेरला स्वतःच्या गाडीने जाणार असाल तरच विचार करा. पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. तिथे शेगडी नेऊच नये आणि आत भटकण्यापूर्वी वनविभागाकडे परवानगीची चौकशी करावी.