वारीत लाखांतले एक होताना : तुमचे अनुभव लिहा

आळंदी ते पंढरपूर चालताना मला कुणी आडनाव विचारलं नाही, गाव तेवढं विचारलं. सगळेच एकमेकांचे ‘माउली’. दिवे घाटात मागे वळून पाहिलं, तर खालपर्यंत नुसत्या पताका आणि टोप्या. त्यात आपण कुठे असू, हे दुसऱ्या कुणाला ओळखता आलं नसतं आणि मला फार बरं वाटलं. तुम्हाला काय वाटलं? घडलं तेवढंच लिहा.

पुण्याहून
मला आधी राग आला होता. बँकेत सगळे साहेब म्हणतात आणि इथे एक पोरगा म्हणाला, “माउली, जरा सरका.” लोणंदच्या मुक्कामात मीच कुणाला तरी तसं म्हणालो.

सासवडहून
मी चाललेले नाही. पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते, तेव्हा पिठलं-भाकरी करते. एका आजींना पाय शेकायला गरम पाणी दिलं, तर पाण्यात पाय घालण्याआधी त्या माझ्याच पाया पडल्या. मी त्यांच्या नातीच्या वयाची! पुढच्या वर्षी त्या आल्या आणि मला ओळखूच आल्या नाहीत. इतके चेहरे असतात. न विचारता न्हाणीतली बादली घेऊन आल्या, तेव्हा ओळख पटली.

नांदेडहून
आमच्या दिंडीला दोन दिवस पाण्याचा टँकर मिळाला नव्हता. संध्याकाळी तळावर, पालखीच्या मुक्कामाच्या जागी, समाजआरतीला चोपदारांनी हातातला चोप म्हणजे दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिनेच वाजवत राहायचं. आम्ही थांबलो नाही. एवढा समाज गप्प आणि आमचेच टाळ! अंगावर काटा आला. चोपदार आमच्यापर्यंत आले, विणेकऱ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या, आरती झाली. मी साधा टाळकरी, शेवटच्या रांगेतला. पण तेव्हा माझा टाळही त्यात होता.

बार्शीहून
वडिलांनी कितीतरी आषाढ्या केल्या. एकादशीची दर्शनबारी त्यांना कधी झेपली नाही. चंद्रभागेचं स्नान, नामदेव पायरी, कळसाला हात जोडायचे की परत. आई विचारायची, “दिसला का?” ते म्हणायचे, “कळस दिसला.” ते गेल्यावर मी आडदिवशी जाऊन विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवून आलो. तरी यंदा एकादशीला बाहेरच उभा राहिलो, त्यांच्यासारखा. पाऊस होता. पुढच्या काकांनी मागे पाहिलं आणि मला कळस दिसावा म्हणून छत्री मिटली.